आसगावचे रात्रीचे जेवण आणि पणजीचा ब्रंच : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आसगाव, हणजूण, शिवोली आणि पणजीतील फोंताइन्हस या भागांत गेल्या काही वर्षांत नव्या धर्तीची जी रेस्टॉरंटे उघडली, त्यांच्याविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. पत्रे लिहिणारे बहुतेक जण गोव्यातच राहतात, आणि तरीही त्या दारातून आत जाताना बिचकतात. गोव्याच्या माणसाला गोव्यातल्याच एखाद्या हॉटेलात परके वाटावे, ही गोष्ट मला मनापासून खटकते. म्हणून या अंकातील सर्व जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मुलगा आणि सून बंगळूरला नोकरी करतात. नाताळच्या सुट्टीत घरी आले की आम्हा दोघांना आसगावच्या एखाद्या नव्या रेस्टॉरंटात नेण्याचा त्यांचा हट्ट असतो. आमची सत्तरी उलटली आहे. तिथे उजेड कमी, गाण्यांचा आवाज मोठा, मेनूवरचे अर्धे शब्द कळत नाहीत आणि ताट पुढे यायला रात्रीचे दहा वाजतात. नको म्हटले तर मुले हिरमुसतात. आम्ही काय करावे?
— एक दांपत्य, फोंडा

उत्तर : नको म्हणू नका, पण दिवस आणि वेळ मात्र तुम्ही ठरवा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा बार्देशातील रस्त्यांसाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ असतो. आसगावच्या गल्ल्यांतून एरवीसुद्धा समोरासमोर आलेल्या दोन मोटारींपैकी एकीला मागे सरकावे लागते, आणि त्या आठवड्यात तर टेबल राखून ठेवूनही माणूस वाहनतळाच्या शोधात अर्धा तास घालवतो. मुलांची रजा त्याच दिवसांत असेल तर रात्रीऐवजी दुपारचे जेवण घ्यावे. रात्रीच जायचे असेल तर शुक्रवार, शनिवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी, स्वयंपाकघर सुरू होताच, म्हणजे बहुधा सातच्या सुमारास टेबल घ्यावे. त्या वेळी जागा रिकामी असते, वाढप्यांना सवड असते, संगीताचा आवाज वाढलेला नसतो आणि तुम्ही नऊ वाजता घरच्या वाटेला लागता. सोमवारी कित्येक ठिकाणी सुट्टी असते, हे ध्यानात ठेवावे.

टेबल राखण्यासाठी फोन करताना केवळ माणसांची संख्या सांगून थांबू नका. ही रेस्टॉरंटे बहुतांशी जुन्या घरांत थाटलेली आहेत. पुढे बाल्कांवच्या (दर्शनी ओट्याच्या) पायऱ्या, मागे खडी घातलेले अंगण आणि बसायला पाठ नसलेली बाके, अशी मांडणी सर्रास आढळते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या खडीवरून चालणे जड जाते. तेव्हा ‘आमच्यासोबत वृद्ध माणसे आहेत, पायऱ्या नसलेली, पाठीच्या खुर्च्यांची, उजेडातली आणि स्पीकरपासून दूरची जागा हवी’ असे स्पष्ट सांगावे. असे सांगितल्यावर पलीकडचा माणूस काय बोलतो, त्यावरूनच त्या ठिकाणी जावे की नाही याचा निम्मा निर्णय होतो. आस्थेने चौकशी करणारा माणूस तुम्हाला चांगले जेवूही घालतो, असा माझा अनुभव आहे.

मेनूची चिंता आदल्या दिवशीच मिटवता येते. जवळजवळ सर्व नव्या रेस्टॉरंटांची खाद्ययादी इंटरनेटवर असते. सूनबाईंना ती मोबाइलवर मागवून घ्यायला सांगा आणि घरी, चष्मा लावून, चहा घेताना वाचा. तिथले बरेच पदार्थ एकेकट्याने संपवण्यासाठी नसतात. लहान बशीत येणारे, सगळ्यांनी मधोमध ठेवून वाटून खायचे असतात. चौघांनी आरंभी तीन बशा मागवाव्यात, त्या संपत आल्या की पुढच्या सांगाव्यात. एकदम आठ पदार्थ सांगितले की ते एकदम येतात, निवतात आणि वाया जातात.

पहिल्या वेळी आपल्या जिभेला थोडीफार ओळखीची चव असलेले ठिकाण निवडावे, असे मी सुचवेन. आसगावचे ‘गनपावडर’ दक्षिण भारतीय पदार्थांसाठी प्रसिद्ध आहे. नारळ, कढीपत्ता, चिंच आणि तांदूळ यांचा वावर असल्यामुळे तिथे वडीलधाऱ्यांना अवघडल्यासारखे होत नाही. एवढे लांब जायचे नसेल तर फोंताइन्हसमधील ‘व्हिवा पणजिम’सारख्या जुन्या, घरगुती वळणाच्या रेस्टॉरंटात दुपारचे जेवण घेऊन मुलांसोबत त्या गल्ल्यांतून पायी फिरता येईल. बर्मी पाककृतींसाठी नावाजलेल्या ‘बोम्राज’सारख्या ठिकाणी पुढच्या खेपेस जावे.

प्रश्न : एका नव्या रेस्टॉरंटात सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणाला, म्हणजे नारळाच्या वाटपाच्या कालवणाला, साडेपाचशे रुपये मोजले. शीत (भात) वेगळे, पोई (कोंड्याचा पाव) वेगळी. आमच्या घरी आई हेच हुमण रोज करते. ही निव्वळ लूट नाही का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : किंमत जास्त आहे, हे खरे. पण तेवढ्यावरून लूट म्हणता येणार नाही. त्या साडेपाचशेत सुंगटांचा बाजारभाव आहे, जागेचे भाडे आहे, परवान्यांचे शुल्क आहे आणि स्वयंपाक्यांपासून भांडी घासणाऱ्यांपर्यंत सर्वांचे वेतन आहे. आईच्या श्रमांची किंमत आपण कधी मांडत नाही, म्हणून घरचे हुमण आपल्याला स्वस्त वाटते. खरा प्रश्न हा आहे की जे पानात वाढले, ते त्या किमतीला साजेसे होते का. आणि ते ओळखण्याची जी पात्रता तुमच्यापाशी आहे, ती दिल्ली-मुंबईहून आलेल्या पर्यटकाकडे नाही.

उदाहरण म्हणून तिरफळच घ्या. आपल्याकडील बहुतेक हिंदू घरांत बांगड्याच्या आणि तारल्यांच्या हुमणात तिरफळे पडतात, कारण तेलकट मासळीचा उग्रपणा त्यांनी मोडतो. सुंगटांच्या हुमणात ती घालत नाहीत; तिथे कैरी किंवा आंबाडे येतात. एखाद्या ठिकाणी सुंगटांच्या हुमणातच तिरफळांचा मारा केलेला आढळला, तर ते घालणाऱ्याने गोमंतकीय चवीचे नुसते नाव ऐकले आहे, असे समजावे. दुसरी खूण वाटपाची. ताजा नारळ खोवून, मिरची आणि धणे यांच्यासोबत बारीक वाटलेला रस चमच्याच्या पाठीवर एकसारखा पसरतो आणि त्याचा रंग तांबूस-केशरी असतो. डब्यातले नारळाचे दूध ओतून दाट केलेला रस गुळगुळीत आणि गोडसर लागतो, व निवल्यावर त्यावर साय धरते. तिसरी खूण पोईची. पोदेराकडची (पाव भाजणाऱ्याकडची) ताजी पोई हातात घेतली की वरचा कोंडा बोटांना लागतो, मध्ये पोकळी असते आणि ती सहज दुभंगते. सकाळची पोई रात्री ओव्हनमध्ये पुन्हा तापवली की तिच्या कडा कडक होतात आणि कोंड्याला करपट वास येतो. या तीन गोष्टी जिथे नीट असतील तिथे साडेपाचशे रुपये देताना मला वाईट वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्या पदार्थांना नव्या मांडणीत आणण्याचे काम काही शेफ अतिशय निष्ठेने करीत आहेत. बाणावलीच्या ‘कावातिना’मध्ये अविनाश मार्टिन्स यांनी केलेले काम याच प्रकारचे आहे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली काणकोणची खोला मिरची, २०२१ मध्ये ते मिळवणारी हरमलची मिरची, २०२३ मध्ये त्या यादीत गेलेले आगशीचे वांगे आणि बेबिंका ही नावे आज मेनूकार्डावर सन्मानाने छापली जातात, आणि त्यामुळे ती पिकवणाऱ्या व बनवणाऱ्या माणसाला चार पैसे अधिक मिळण्याची शक्यता निर्माण होते. त्याच वेळी पणजीच्या ‘रिट्झ क्लासिक’ची माशांची थाळी किंवा ‘कॅफे तातो’ची भाजी आणि पाव यांनाही तितकाच मान आहे. एकाला गेलो म्हणून दुसऱ्याशी फारकत घ्यावी लागत नाही.

प्रश्न : जुलै महिन्यात एका पॉश रेस्टॉरंटात फळ्यावर ‘आजची ताजी मासळी : इसवण’ (सुरमई) असे लिहिले होते. मासेमारी बंद असताना ताजा इसवण कुठून आला, असे विचारावेसे वाटले, पण सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटला. विचारणे योग्य ठरले असते का?
— एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : अवश्य विचारायला हवे होते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम आहे. पूर्व किनाऱ्यावरील बंदी मात्र १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. त्यामुळे जुलैत तिकडची मासळी बर्फात घालून इकडे येऊ शकते, किंवा मेमध्येच गोठवून ठेवलेली असू शकते. तुमच्या पानातला इसवण या दोन मार्गांनी आला असण्याची शक्यता अधिक. गोठवलेली मासळी वाईट नसते. नीट गोठवलेला मासा तीन दिवस बर्फात लोळलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा पुष्कळदा चांगला असतो. आक्षेप आहे तो तिला ताजी म्हणण्याला.

वाढप्याला शांतपणे विचारावे : ‘ही मासळी कुठून आणि कधी आली?’ जिथे खरेदीची शिस्त असते तिथे तो एक तर सांगतो, नाही तर आत जाऊन विचारून येतो. ‘एकदम फ्रेश आहे, मॅडम’ एवढेच उत्तर मिळाले तर दुसरे काही मागवावे. २०१८ च्या जुलैमध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीतील फॉर्मेलिनच्या प्रकरणाने उभा गोवा ढवळून निघाला होता. त्यानंतर गोव्यातल्या कोणत्याही रेस्टॉरंटला हा प्रश्न नवा किंवा उद्धट वाटण्याचे कारण नाही.

बशीतला मासाही बोलतो. घाईने वितळवलेल्या इसवणाच्या तुकडीखाली पाणी सुटते, रवा लावलेला असला तर तो एका बाजूने सुटून येतो, आणि काटा लावताच मांसाच्या पाकळ्या न होता भुसभुशीत कण पडतात. पावसाळ्यात शहाण्या रेस्टॉरंटाने खाडीतले आणि नदीतले शेवटे, काळुंद्र हे मासे, खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतील) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, भरती-ओहोटीच्या वेळी मिळणारी सुंगटे, सुक्या सुंगटांची किसमूर (कोशिंबीर) असे पदार्थ ठेवावेत, आणि रोयणावर (वारुळावर) उगवणारी अळमी (रानटी अळंबी) मिळाली तर तीही. जुलैत फळ्यावर इसवण मिरवणाऱ्या ठिकाणापेक्षा किसमूर मांडणाऱ्या ठिकाणी मी आधी जाईन.

प्रश्न : माझे सोमवार आणि गुरुवार शिवराक (शाकाहारी) असतात. कार्यालयातील सहकारी नेमके गुरुवारी रात्री बाहेर जेवायला जातात. ‘व्हेज’ लिहिलेले मागवले की निर्धास्त राहता येते का?
— एक वाचक भगिनी, डिचोली

उत्तर : पूर्णपणे नाही. फसवणुकीचा हेतू नसतानाही परदेशी पाककृतींत मासळीचा अंश अशा ठिकाणी असतो जिथे आपल्याला तो सुचतही नाही. थाई करीच्या वाटपात सुकवून आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो आणि चवीला फिश सॉस पडतो. वर भाज्या आणि टोफू असले तरी खालचा रस शिवराक नसतो. जपानी मिसो सूपचा आधार असलेला दाशी हा बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचा असतो. कोरियन किमचीत फिश सॉस किंवा कोळंबी असते. चिनी पद्धतीने परतलेल्या हिरव्या भाज्यांवर ऑइस्टर सॉस पडतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाचे लहान मासे वाटलेले असतात, आणि वूस्टरशर सॉसमध्येही तेच.

मासळीखेरीजच्याही काही गोष्टी आहेत. रिसोटो आणि सूप कोंबडीच्या स्टॉकवर शिजवलेले असू शकते. ताजा पास्ता, मेयोनीज, आयोली आणि तिरामिसू यांत अंडे असते. पान्ना कोत्ता आणि काही मूस जिलेटिनने घट्ट करतात, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. इटलीहून येणारे अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या पोटातील रेनेटनेच तयार होते. आणि आपल्याकडे सर्वांत सहज घडणारी गोष्ट म्हणजे बटाट्याचे काप त्याच तेलात तळणे, ज्यात अर्ध्या तासापूर्वी रवा लावलेले बांगडे तळले होते.

म्हणून ‘हे व्हेज आहे का?’ असे न विचारता नेमके विचारावे : ‘रसात फिश सॉस आहे का? स्टॉक कशाचा आहे? तळणीचे तेल वेगळे आहे का?’ टेबल राखतानाच सांगून ठेवले तर बहुतेक चांगली स्वयंपाकघरे त्यानुसार पदार्थ बदलून देतात. गोमंतकीय पदार्थ करणाऱ्या रेस्टॉरंटात खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची भाजी) किंवा अळसांद्याचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोंडाक (रस्सा) आहे का, याचीही चौकशी करा. पुष्कळदा ते मेनूवर नसते, पण चवथीच्या आसपास नक्की होते. आणि आपण मागत राहिलो तर एरवीही होऊ लागेल. गोव्याचे शिवराक जेवण इतके समृद्ध असताना नव्या रेस्टॉरंटांनी त्याकडे पाठ फिरवावी आणि शाकाहारी ग्राहकाची बोळवण पनीरवर करावी, याचे मला फार वैषम्य वाटते.

प्रश्न : बिलात दहा टक्के सेवा शुल्क लावले होते. कमी करायला सांगितले तर ‘आमच्या मेनूवर लिहिलेले आहे’ असे व्यवस्थापक म्हणाले. शिवाय पाण्याच्या बाटलीला छापील किमतीच्या तिप्पट पैसे घेतले. हे कायद्याला धरून आहे का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : दोन्ही गोष्टींची उत्तरे वेगळी आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणतेही हॉटेल वा रेस्टॉरंट सेवा शुल्क आपोआप बिलात जोडू शकत नाही, ते दुसऱ्या नावाखालीही वसूल करू शकत नाही आणि ते देण्यास नकार दिला म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही. रेस्टॉरंट संघटनांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले होते. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे वैध ठरवली. मेनूवर छापले म्हणून ते शुल्क बंधनकारक होत नाही. आधी सौजन्याने बिलातून काढायला सांगावे. काढले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सेवा आवडली असेल तर तेवढीच रक्कम वाढप्याच्या हातात द्यावी. ती त्याच्यापर्यंत नक्की पोहोचते.

हिशेब असा असतो. जेवण २,००० रुपयांचे झाले तर त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे १०० रुपये लागतात. बिलात ते केंद्राचे ५० आणि राज्याचे ५० असे दोन ओळींत दिसतात. दहा टक्के सेवा शुल्क जोडले की २०० रुपये वाढतात आणि जीएसटी त्या २,२०० वर धरला जाऊन ११० होतो. म्हणजे तुम्ही २१० रुपये जास्तीचे देता. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर जाते, तेथील रेस्टॉरंटमध्ये जीएसटी १८ टक्के असतो, हे तिथे ब्रंचला जाणाऱ्यांनी आधीच गृहीत धरावे. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. तेव्हा मद्याच्या रकमेवरही जीएसटी लावलेला दिसला तर ते चुकीचे आहे. एखादे लहान रेस्टॉरंट जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करपद्धतीत) असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेण्याची मुभाच नाही, आणि तसे बिलावर छापावे लागते.

पाण्याच्या बाटलीच्या बाबतीत मात्र निकाल रेस्टॉरंटांच्या बाजूचा आहे. केवळ वस्तू विकत नसून बसण्याची सोय आणि सेवाही देत असल्याने त्यांना छापील किमतीहून अधिक दर लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले आहे. यावर उपाय साधा आहे : बसताक्षणी ‘बाटली नको, पिण्याचे साधे पाणी द्या’ असे सांगावे आणि न मागता उघडलेली बाटली परत करावी.

प्रश्न : रविवारच्या ब्रंचची जाहिरात पाहून जायची इच्छा होते, पण नाश्त्याला उशीर आणि जेवणाला लवकर अशी ती वेळ आहे. मला मधुमेह आहे. जावे का? गेल्यास काय पाहावे?
— एक वाचक, वास्को

उत्तर : इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सकाळचे खाणे लांबवू नये. नेहमीच्या वेळी घरी थोडे खाऊन ब्रंचला दुपारचे जेवण समजावे, आणि औषधांच्या वेळेविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ब्रंच दोन तऱ्हेचा असतो. तारांकित हॉटेलांतला रविवारचा ब्रंच बारानंतर सुरू होणारा बुफे असतो. तिथे प्रथम रिकाम्या हाताने सर्व टेबलांवरून एक फेरी मारावी. जिथे समोर करून देतात, म्हणजे ऑम्लेट, डोसा, भाजलेली मासळी, तिथे आधी जावे. बर्फावर मांडलेली सुशी आणि कालवे उघडल्या उघडल्या घ्यावीत. दोन तासांनंतर त्यांच्या वाटेला जाऊ नये. मद्याचा समावेश असलेला दर आणि नसलेला दर यांत मोठा फरक असतो. आपण घेत नसू तर दुसराच दर स्पष्टपणे मागून घ्यावा.

दुसरा ब्रंच कॅफेंमधला, एकेक बशी मागवण्याचा, आणि मला तोच अधिक आवडतो. सावरडो (आंबवलेल्या पिठाचा) पाव, अंडी, कॉफी एवढाच पसारा असतो, त्यामुळे कसब लपत नाही. अंड्यावर जो पिवळा हॉलंडेज सॉस ओततात त्यातले बलक पुरते शिजलेले नसते. गरोदर स्त्रियांनी आणि वृद्धांनी तो टाळावा. करंझाळ्याच्या ‘पादारिया प्राझेरेस’ या बेकरीतील पोर्तुगीज धाटणीचे कस्टर्ड टार्ट खायचे असतील तर सकाळी लवकर जावे. तुम्ही मात्र घरच्यांसोबत अर्धाच घ्यावा.

प्रश्न : मी पणजीत एकटीच राहते. एकट्या बाईने अशा रेस्टॉरंटात जेवायला जाणे विचित्र दिसते का?
— एक वाचक भगिनी, पणजी

उत्तर : मुळीच नाही. एकट्या माणसासाठी काउंटरपाशी किंवा खिडकीलगत जागा मिळते का, ते फोनवर विचारावे आणि पदार्थांची अर्धी मात्रा देता येईल का, हेही विचारावे; काही ठिकाणी ती देतात. कोपऱ्यातल्या, शौचालयाच्या दाराजवळच्या टेबलावर बसवले तर दुसरी जागा मागून घ्यावी. बाहेरगावच्या मुली इथे येऊन एकट्या निवांत जेवून जातात, मग पणजीत राहणाऱ्या स्त्रीने का बिचकावे?

प्रश्न : आम्ही चार मित्र पेडण्याहून मोटारीने शिवोलीला जेवायला जातो. थोडी घेतल्यावर गाडी चालवली तर कितपत चालते?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : जो गाडी चालवणार आहे त्याने अजिबात घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क एवढी आहे. ती किती पेगांनी ओलांडली जाते हे वजन, पोटातले अन्न आणि पेल्यातल्या मापावर अवलंबून असते, आणि कॉकटेलमध्ये तर ते माप आपल्याला दिसतही नाही. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दर खेपेस चौघांपैकी एकाची पाळी ठरवावी आणि त्याचे जेवण बाकीच्या तिघांनी भरावे. नाही तर टॅक्सी करावी. मात्र रात्री उशिरा त्या भागात गाडी मिळणे अवघड जाते, म्हणून परतीची वेळ टॅक्सीवाल्याशी जातानाच ठरवून ठेवावी.